यंत्र अचूक, प्रश्न मोघम

श्वासातून आजार ओळखण्याच्या तंत्राविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा दोन ठरलेल्या बाजूंमध्ये अडकून पडते. एक बाजू म्हणते की आता सुई नको, रक्त नको, थुंकीची डबी नको. माणसाने नळीत फुंकर मारावी, लेझरने त्या हवेतले रेणू मोजावेत आणि क्षयापासून कर्करोगापर्यंतचे निदान मिनिटभरात पडद्यावर यावे. दुसरी बाजू म्हणते की हे सारे थोतांड आहे; रक्ताच्या दोन-चार थेंबांवर शेकडो तपासण्या करून दाखवू म्हणणारी अमेरिकी कंपनी जशी कोसळली तसेच याचेही होणार, आणि ज्या देशात तालुक्याच्या दवाखान्यातले क्ष-किरण यंत्र चालू असेलच याची खात्री देता येत नाही तिथे असली चैन परवडणारी नाही. दोन्ही बाजू भांडतात ती यंत्र चालते की नाही यावर. माझ्या मते यंत्र चालते, आणि उत्तम चालते. भांडायचे असेल तर त्याला आपण काय विचारतो यावर भांडावे. श्वासातला एखादा ओळखीचा रेणू किती आहे, मघापेक्षा किंवा कालपेक्षा तो वाढला की घटला, असे लेझरला विचारले तर विश्वासार्ह उत्तर मिळते आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्यच आहे. 'या माणसाला कोणता आजार झाला आहे?' असे त्याच यंत्राला विचारले तरी उत्तर मिळते, पण केवळ त्या उत्तराच्या भरवशावर उपचार सुरू करण्याची मुभा आज कोणालाही असू नये.

यंत्राच्या बाजूने जे बोलायचे ते आधी मोकळेपणाने बोलले पाहिजे, कारण टीकाकार सर्वांत कच्चे आहेत ते इथेच. वायुरूप रेणू प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांब्याच शोषतो, आणि त्या कोणत्या हे त्याच्यातल्या अणूंच्या मांडणीवरून आणि कंपनांवरून ठरते. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश अडवतो. मिथेन, अमोनिया, नायट्रिक ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड यांच्या जागा निराळ्या. अडचण अशी की यांतले बरेच रेणू श्वासात अब्जांश प्रमाणात असतात, म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे पाच-पन्नास, आणि नळीभर हवेतून एकदाच गेलेल्या प्रकाशात त्यांची खूण उमटत नाही. त्यावर भौतिकशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा असा, की नळीच्या दोन्ही टोकांना अतिशय परावर्तक आरसे बसवायचे आणि प्रकाशाला आतल्या आत हजारो येरझाऱ्या घालायला लावायच्या. हातभर नळीत मग प्रकाशाचा काही किलोमीटरचा प्रवास होतो आणि विरळातला विरळ रेणूही आपली खूण सोडून जातो. १९८८ पासून वापरात असलेल्या कॅव्हिटी रिंग-डाउन पद्धतीत तर प्रकाश किती उरला हे न मोजता तो किती वेळात विझला हे मोजतात, त्यामुळे लेझरच्या तेजातले चढउतार मापनात शिरतच नाहीत. जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवून देणाऱ्या संशोधनात फ्रीक्वेन्सी कॉम्ब या तंत्राचा मोठा वाटा होता. हा लेझर सारख्या अंतरावरच्या हजारो वारंवारता एकाच वेळी सोडतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर इथे, जुन ये यांच्या गटाने २००८ साली तो माणसाच्या श्वासावर लावून अनेक रेणू एकदम मोजता येतात हे दाखवून दिले. याला थोतांड म्हणणाऱ्याने निदान एवढे वाचावे.

श्वासातून शरीराची आतली अवस्था कळते ही कल्पनाही नवी नाही. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तातली आम्लता वाढली की रुग्णाच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो आणि यकृत निकामी होत आलेल्याच्या श्वासाला कुबट, गोडसर दर्प असतो, हे खाटेशेजारी उभे राहून शिकलेल्या डॉक्टरला सांगावे लागत नाही. लिनस पॉलिंग यांनी १९७१ साली श्वासात सुमारे २५० वेगवेगळे पदार्थ असल्याचे दाखवले, तेव्हापासून हा विषय प्रयोगशाळेत आला. काही श्वासचाचण्या तर आपण इतक्या पचवल्या आहेत की त्या श्वासचाचण्या आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. भूल दिलेल्या रुग्णाच्या उशाशी चालणारा कॅप्नोग्राफ दर श्वासागणिक अवरक्त शोषणावरूनच कार्बन डायऑक्साइड मोजत असतो, आणि नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर भूलतज्ज्ञाला ते काही श्वासांतच समजते. रात्री नाक्यावर पोलीस ज्या यंत्रात फुंकायला लावतात ते श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातल्या अल्कोहोलचा हिशोब मांडते. मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. त्याच कायद्यात कलम २०३ श्वासचाचणीचे आहे आणि लगेच पुढचे, २०४, प्रयोगशाळेतल्या तपासणीचे. आधी फुंकर, मग रक्त, हा क्रम आपल्या कायदेकारांना १९८८ सालीच सुचला होता; आरोग्य खात्याला तो अजून सुचायचा आहे, असे कधीकधी वाटते.

या मान्यता पावलेल्या चाचण्यांत समान काय आहे? प्रत्येकीत रेणू आधीपासून ठाऊक आहे, तो शरीरात कुठून आला हे ठाऊक आहे, आणि आकडा हाती आला की पुढे काय करायचे हेही ठाऊक आहे. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची चाचणी जवळून पाहिली तर हे नीट कळते. रुग्ण उपाशीपोटी येतो आणि एका पिशवीत फुंकतो. मग त्याला पाण्यातून युरिया पाजतात, पण तो साधा नसतो. त्यातला कार्बन हा कार्बन-१३ असतो, नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड, मात्र किरणोत्सारी नाही. अर्ध्या तासाने तो दुसऱ्या पिशवीत फुंकतो. माणसाच्या पेशींना युरिया फोडता येत नाही, या जिवाणूला येतो. म्हणून जठरात जिवाणू असेल तर जड कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड रक्तावाटे फुप्फुसात आणि तिथून दुसऱ्या पिशवीत पोचतो. दोन्ही पिशव्यांतल्या वायूंची अवरक्त प्रकाशात तुलना केली की उत्तर मिळते. रुग्णाची तुलना इथे कोणा सरासरी निरोगी माणसाशी होत नाही, त्याच्याच अर्ध्या तासापूर्वीच्या श्वासाशी होते. चाचणी कुठे चुकते हेही माहीत आहे: आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवली नसतील, तर जिवाणू असूनही चाचणी 'नाही' म्हणू शकते. कोलकात्याच्या एस. एन. बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात याच जिवाणूसाठी कॅव्हिटी रिंग-डाउन पद्धतीने श्वास तपासण्याचे काम झाले आहे, आणि मला ते या क्षेत्रातल्या गाजलेल्या दाव्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

दम्याच्या बाबतीत नायट्रिक ऑक्साइडचे तसेच आहे. श्वसनमार्गाला विशिष्ट प्रकारची सूज असली की हा वायू वाढतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांत तो अब्जांश २५ च्या खाली असेल तर ती सूज संभवत नाही, ५० च्या वर असेल तर बहुधा आहे आणि श्वासावाटे दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता मोठी. हा आकडा 'तुम्हाला दमा आहे' असे म्हणत नाही. हे औषध लागू पडेल का, एवढेच सांगतो आणि थांबतो.

तिसरे उदाहरण आपल्याकडच्या माणसाचे आहे, तरी त्याची फारशी कोणाला माहिती नाही. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. हाच लेझर पुढे कारखान्यात पोलाद कापू लागला आणि शस्त्रक्रियेत ऊतीही. पटेल यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला: डायलिसिस चालू असताना रुग्णाच्या श्वासातला अमोनिया लेझरने मोजत राहायचे आणि रक्तातल्या युरिया-नायट्रोजन व क्रिएटिनीन या टाकाऊ द्रव्यांशी तो ताडून पाहायचा. रक्त जसजसे स्वच्छ होत गेले तसतसा श्वासातला अमोनिया उतरत गेला. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने विचार करा. आजचे शुद्धीकरण पुरेसे झाले की नाही हे सुई न टोचता, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर कळले तर तो रुग्ण, त्याचे तंत्रज्ञ आणि बिल भरणारी सरकारी योजना या सगळ्यांचाच लाभ आहे. तोंडातले जिवाणूही अमोनिया तयार करतात, त्यामुळे यातही सोडवायचे प्रश्न आहेत. पण ते असे आहेत की ज्यांचे उत्तर शोधता येते. अशा कामाचा मथळा होत नाही. मथळा होतो तो कर्करोगाचा.

कर्करोगाच्या, क्षयाच्या, करोनाच्या चाचण्यांचे दावे वेगळ्या वळणाचे असतात. तिथे एक ओळखीचा रेणू नसतो. शेकडो आजारी आणि निरोगी माणसांचे श्वास गोळा करतात, त्यांचे वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला गेला याच्या नोंदी, संगणकाला देतात आणि दोन गटांत फरक करणारी नक्षी त्यालाच शोधायला सांगतात. नक्षी सापडते. बोल्डरच्याच गटाने २०२३ साली १७० जणांच्या श्वासावर हा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि करोनाची लागण ओळखण्यात त्यांच्या पद्धतीला ०.८४९ गुण मिळाले, जिथे १ म्हणजे बिनचूक आणि ०.५ म्हणजे नाणेफेक. प्राथमिक प्रयोग म्हणून ही कामगिरी चांगली आहे आणि शोधनिबंध प्रामाणिक आहे. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी बातम्यांत आली नाही: त्याच वर्णपटांवरून यंत्राला स्त्री आणि पुरुष वेगळे काढता आले, धूम्रपान करणारे वेगळे काढता आले, पोटात दुखणारेही वेगळे दिसले. उत्साही माणूस हे वाचून म्हणेल, बघा, श्वासात केवढी माहिती आहे! मी हेच वाचून सावध होतो. ज्या नक्षीत लिंग, विडी, पोटदुखी आणि विषाणू सगळेच एकात एक मिसळलेले आहे, तिच्यातून फक्त विषाणूचा धागा काढला याची खात्री १७० माणसांवरून कशी होणार?

इथे एक तांत्रिक मुद्दाही येतो, आणि तो मला निर्णायक वाटतो. लहान रेणूंच्या शोषणरेषा बारीक आणि सुट्या असतात, म्हणूनच लेझर त्यांना इतक्या नेमकेपणाने ओळखतो. रेणू मोठा होत गेला की त्याच्या रेषा एकमेकींत मिसळून रुंद पट्टे बनतात आणि अनेक मोठ्या रेणूंचे पट्टे एकमेकांवर चढतात. वर श्वास पाण्याच्या वाफेने भरलेला, म्हणजे तिच्या रेषांची गर्दी वेगळीच. कर्करोगाच्या संदर्भात ज्यांची नावे घेतली जातात त्यांत मोठे अल्डिहाइड, लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन असे पदार्थ पुष्कळ आहेत. म्हणजे लेझर जिथे अजोड आहे ते काम त्याला द्यायचे नाही, आणि जिथे तो चाचपडतो तिथे संख्याशास्त्राच्या कुबड्या देऊन उभे करायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

याला विरोधकांचे सर्वांत बळकट उत्तर असे: कारण न कळताही उपचार आणि परीक्षा यशस्वी झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात ठायी ठायी सापडतात. व्हिएन्नात इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ साली प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा जिवाणूंचा सिद्धान्त अजून यायचा होता. तरी दहा टक्क्यांच्या वर गेलेले बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास उतरले. सिंकोनाच्या सालीने हिवताप उतरायचा तेव्हा हिवतापाचा परजीवी कोणी पाहिलेलाही नव्हता. मग श्वासातली नक्षी कोणत्या रेणूंची आहे हे कळेपर्यंत थांबा, असा आग्रह का? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच कारण कळलेच पाहिजे अशी अट मी घालत नाही. पण झेमेलवाइस यांचा दावा मृत्यूच्या आकड्यांवर तपासला गेला होता, महिनोन्महिने, त्याच प्रसूतिगृहात, जिथे तो लागू करायचा होता. ताप उतरला की नाही हे रुग्णालाही कळत होते. श्वासाच्या नक्षीबाबत पडताळा बहुतेकदा तिच्याच नमुन्यांतला एक हिस्सा बाजूला ठेवून केलेला असतो. कारण माहीत नसेल तर पुरावा दुप्पट कडक हवा, कारण चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधायला हातात दुसरे काहीच उरत नाही.

चुका कशा होतात याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशिलात जातो. समजा, रुग्णांचे नमुने वॉर्डात घेतले आणि निरोगी लोकांचे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. वॉर्डात फिनेलचा, हात पुसायच्या स्पिरिटचा वास भरलेला. तोच श्वासात जातो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो. संगणक आजार शिकला की खोली शिकला? ॲसिटोन हा मधुमेहाचा निदर्शक म्हणून नेहमी पुढे केला जातो, पण शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तो कोणाच्याही श्वासात वाढतो, आणि दोन-तीन दिवसांच्या कडक उपवासात तर कितीतरी पटींनी. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाणाऱ्यांनी घाबरू नये, निर्जळी करणाऱ्यांचा प्रश्न आहे.) सकाळी जिना चढून आलेल्या माणसाच्या श्वासातला आयसोप्रीन वाढलेला असतो. लसणाचा एक गंधकयुक्त अंश तासन् तास श्वासात टिकतो. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या पाड्यावर चुलीपुढे बसून भाकरी थापणाऱ्या, दाताला मिश्री लावणाऱ्या बाईच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइडपासून बेंझीनपर्यंत काय काय असेल, याचा विचार बोल्डरच्या विद्यापीठातल्या तरुणांच्या श्वासावर शिकलेल्या यंत्राने कुठून केलेला असणार?

हा आक्षेप काल्पनिक नाही, कारण प्रकाशाच्या शोषणावर चालणाऱ्या एका साध्या उपकरणाने तो अनुभव आपल्याला नुकताच दिला आहे. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्याचे तत्त्व मांडले तो पल्स ऑक्सिमीटर करोनाकाळात घरोघर पोचला. बोटाला चिमटा लावून ९४ की ९२ हे पाहत लोकांनी रात्री काढल्या. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असूनही उपकरण तो ठीक दाखवते, असे कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होते. त्वचेचा रंगही प्रकाश शोषतो, एवढी उघड गोष्ट. उपकरण तोवर कित्येक दशके बाजारात होते. त्यात तर मोजायचे होते फक्त दोन रंगांचे शोषण. हजारो वारंवारतांच्या नक्षीत अशा किती गोष्टी दडलेल्या असतील?

आता क्षयाकडे वळतो, कारण आपल्याकडे श्वासचाचणीचे सर्वांत मोठे आश्वासन तिथेच दिले जाते, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय असल्याचे जिवाणू तपासून सिद्ध झाले. कोणी असे यंत्र आणले की जे शंभर आजाऱ्यांपैकी ९० ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी फक्त पाचांवर खोटा शिक्का मारते, तर जाहिरातीत ते थक्क करणारे वाटेल. ते एक लाख लोकांवर चालवून पाहू. ३१६ पैकी २८४ सापडतील. उरलेल्या ९९,६८४ निरोगी माणसांपैकी ४,९८४ जणांना यंत्र क्षयी ठरवेल. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या दर एकोणीस जणांत खरा रुग्ण एक. बाकीच्या अठरा जणांना सहा महिन्यांची औषधे द्यायची? त्या गोळ्यांनी यकृताला इजा होऊ शकते. आणि एखाद्या सुनेचे घरात ताट-पेला वेगळा होण्यासाठी सहा महिनेही लागत नाहीत, एक अहवाल पुरतो.

मात्र हेच गणित उलट्या बाजूने पाहिले तर श्वासचाचणीची खरी जागा सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली क्षयाच्या चाळणी-चाचणीसाठी किमान अपेक्षा लिहून ठेवल्या, त्यात आजारी ओळखण्याची क्षमता ९० टक्के मागितली, पण निरोगी ओळखण्याची अवघी ७० टक्के चालेल म्हटले. ७० टक्क्यांच्या यंत्राने लाखातले सुमारे तीस हजार लोक बाजूला काढले जातील, आणि महागडी जनुकीय तपासणी एक लाखाऐवजी त्या तीस हजारांचीच करावी लागेल. निदान म्हणून जे यंत्र धोकादायक ठरले असते तेच चाळणी म्हणून पैसे वाचवते, कारण त्याच्या उत्तरानंतर उपचार येत नाहीत, दुसरी तपासणी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये करोनाच्या पहिल्या श्वासचाचणीला आपत्कालीन परवानगी दिली तेव्हा हीच काळजी घेतली होती. ते यंत्र लेझरचे नव्हते, वायू वेगळे करून ओळखणारे होते. २,४०९ जणांवर तपासल्यावर त्याने ९१.२ टक्के बाधित आणि ९९.३ टक्के अबाधित बरोबर ओळखले होते. तरीसुद्धा अट अशी, की होकारार्थी उत्तर रेणवीय चाचणीने पक्के करून घ्यावे.

चाळणीच्या या जागेसाठी श्वासाला प्रतिस्पर्धी आहेत हेही सांगितले पाहिजे. छातीच्या क्ष-किरण चित्राचे संगणकाकडून वाचन करून घेण्याला २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, पण ती पंधरा वर्षांवरच्यांसाठी. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढावा लागतो, आणि हे एकदा पाहिलेल्या आईला दुसऱ्यांदा दवाखान्यात आणणे कठीण जाते. श्वासचाचणीवाल्यांनी आधी या मुलांकडे पाहावे.

ज्यांना ही सावधगिरी अतिरेकी वाटते त्यांच्यासाठी आपल्याच देशातला एक प्रसंग आहे. क्षयासाठी रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या एके काळी खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत. प्रत्येक किटच्या माहितीपत्रकात चांगले आकडे छापलेले असत, डॉक्टरला सोय होती, रुग्णाला 'रक्त तपासले' याचे समाधान होते. या चाचण्या आजारी आणि निरोगी यांच्यात धड फरक करू शकत नाहीत असे पुरावे एकत्र केल्यावर दिसले, म्हणून २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत अशी शिफारस केली आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. मधल्या वर्षांत किती जणांनी नसलेल्या क्षयाची औषधे खाल्ली आणि किती जण असलेला क्षय घेऊन घरी गेले, याची कुठेही नोंद नाही. त्याहून जुना धडा खुद्द रॉबर्ट कॉख यांचा. १८८२ साली क्षयाचा जिवाणू शोधणाऱ्या या थोर माणसाने १८९० मध्ये बर्लिनला ट्युबरक्युलिन हे औषध म्हणून जाहीर केले, त्यात काय आहे हे गुप्त ठेवले, आणि युरोपभरचे रुग्ण तिकडे धावले. वर्षभरात ते औषध फसल्याचे स्पष्ट झाले. तोच द्रव पुढे १९०७-०८ मध्ये पिर्के आणि मांतू यांच्या हातून त्वचेवरची चाचणी बनला आणि शंभरावर वर्षे टिकला, कारण आता त्याला एवढेच विचारले जात होते, की या शरीराची क्षयाच्या जिवाणूशी कधी गाठ पडली आहे का?

राहिला प्रश्न गरिबीचा आणि अटींचा. क्ष-किरण यंत्र बंद असताना लेझर कशाला, हा प्रश्न करणाऱ्याचा राग रास्त आहे, पण हिशोब चुकीचा. बंद यंत्र दुरुस्त न होण्याचे कारण लेझरवर झालेला खर्च हे नसते. तंत्रज्ञाचे पद रिकामे असते आणि देखभालीचा करार संपलेला असतो. उलट ज्यात रसायने लागत नाहीत, सुया लागत नाहीत, कचरा जवळजवळ नाही, अशी डायलिसिस कक्षातली किंवा दमा-बाह्यरुग्ण विभागातली श्वासचाचणी सरकारी रुग्णालयाला खासगीपेक्षा जास्त उपयोगी आहे. अटींबद्दल म्हणाल तर मी तीनच सुचवतो आणि त्या निविदेतच लिहिल्या जाव्यात. यंत्र कोणता रेणू मोजते, हे सांगता येत नसेल तर ते फक्त चाळणी म्हणून घ्यावे आणि अहवालावर 'निदान' हा शब्द छापू देऊ नये. ज्या लोकांवर वापरायचे त्याच लोकांत, चुलीच्या धुरासकट आणि मिश्रीसकट, कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेकडून त्याची आगाऊ चाचणी झालेली असावी. आणि पडताळणीसाठी लागणाऱ्या दुसऱ्या तपासणीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला असावा, कारण तीस हजार माणसे बाजूला काढून त्यांना पुढे कुठे पाठवायचे हे ठाऊक नसेल तर त्यांना बाजूला काढू नये.

अशा अटींनी देशी उद्योग मरेल असे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. ट्रूनॅट ही क्षयाची बॅटरीवर चालणारी जनुकीय तपासणी तिथल्या मोलबायो कंपनीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तपासणीतून ती गेली, परदेशांतल्या केंद्रांवरही तिची परीक्षा झाली, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. ती यंत्रे आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत चालू आहेत, आणि वर म्हटलेले तीस हजार लोक पाठवायचे झाले तर त्यांच्याकडेच पाठवावे लागतील.